तांब्या, जिना, चौक: थ्रीडी ग्राफिक्सची सुरुवात घरापासून

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर ग्राफिक्सचं पहिलं प्रॅक्टिकल होतं. लॅबमधल्या निम्म्या स्क्रीनवर एकच तक्रार झळकत होती: ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल सापडत नाही. डॉसबॉक्समध्ये चालणारा टर्बो सी हा जुना सी कंपायलर, आणि ग्राफिक्स सुरू करणाऱ्या 'इनिटग्राफ'ला दिलेला बीजीआय, म्हणजे ड्रायव्हरच्या फोल्डरचा पत्ता चुकलेला. पत्त्यातली उलटी तिरकी रेघ सी भाषेत दोनदा लिहावी लागते, आम्ही ती एकदाच लिहिली होती. दीड तास त्यात गेला. शेवटी ६४० बाय ४८० पिक्सेलच्या काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ उमटली. घरी येऊन धाकट्या भावाला म्हटलं, "आज ग्राफिक्स केलं." तो गेम खेळत होता. मान वर न करता "हं" म्हणाला.

त्या रेघेपासून नेरूळच्या आमच्या सिडकोच्या बिल्डिंगचा मीच बनवलेला थ्रीडी जिना व्हीआर हेडसेट डोळ्यांवर घालून चढेपर्यंत मला दीड वर्ष लागलं. त्यातले आठ-नऊ महिने निव्वळ वाया गेले. एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर उड्या मारल्या, ट्युटोरियल बघून झालं म्हणजे शिकून झालं असं समजले, आणि पहिल्याच झटक्याला तरंगत्या बेटांवरचं शहर बांधायला घेतलं. बेट तरंगलं, शहर काही झालं नाही. तुमचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

माझा हट्ट एकच आहे, तो आधीच सांगते. जिथे चालत जाऊन टेप लावता येईल अशीच जागा बनवायला घ्या. काल्पनिक ग्रहावरचा दरवाजा चुकला तर कोणाला कळणार? स्वतःच्या घराचा चुकला तर आईला स्वयंपाकघरातून कळतं.

१. जमवाजमव

फार काही लागत नाही. जे लागतं ते असं:

- ८ जीबी रॅमचा लॅपटॉप किंवा पीसी. १६ जीबी असेल तर सुख. वेगळं ग्राफिक्स कार्ड पहिले तीन-चार महिने नसलं तरी चालतं.
- मधलं चाक दाबता येणारा साधा माऊस. ट्रॅकपॅडवर थ्रीडी शिकणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं.
- ब्लेंडर (थ्रीडी वस्तू बनवायला) आणि गोडो (त्या वस्तूंचं चालता-फिरता येणारं जग करायला, म्हणजे गेम इंजिन). दोन्ही पूर्ण मोफत, दोन्हींचा सोर्स खुला. ब्लेंडर २००२ पासून खुलं आहे, गोडो २०१४ पासून. अधिकृत साइटवरूनच उतरवा. 'क्रॅक व्हर्जन' असं काही दिसलं तर पळा, फुकटच्या वस्तूला क्रॅक कशाला लागेल?
- ५ मीटरची मेजर टेप, ग्राफ पेपर, वही.
- कॉलेजचं ओळखपत्र आणि चालू वर्षाचं बोनाफाइड, स्कॅन करून. काही महागडी सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी फुकट मिळतात, तेव्हा हे मागतात.

शेवटच्या मुद्द्यात एक खड्डा आहे. आपल्या कॉलेजच्या कागदांवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. अर्जात तुम्ही नाव आधी आणि आडनाव नंतर लिहिता. दोन्ही जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येतो. माझा दोनदा आला. ऑफिसमधून नाव-आडनाव अशा क्रमाचं, तारीख असलेलं बोनाफाइड मागून घ्या.

लॅपटॉपला नंबर पॅड नसेल तर ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये वरच्या ओळीतल्या आकड्यांना नंबर पॅडचं काम देण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स विभागात जाऊन ब्लेंडरला जास्त ताकदीची चिप नेमून द्या. नाहीतर महागडी चिप निवांत बसते आणि धापा साधी चिप टाकते. माझ्या मैत्रिणीने वर्षभर तसंच चालवलं.

कार्ड विकत घ्यायचंच ठरलं तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजाराची लोकल पकडण्याआधी पॉवर सप्लायवरचे वॉट टिपून घ्या आणि कॅबिनेटच्या आतली लांबी मोजा. कार्ड घरी आणल्यावर हार्ड डिस्कच्या खणाला अडलं की काय वाटतं, ते विचारू नका.

२. सिलॅबसला नावं ठेवू नका

मीही ठेवायचे. 'डीडीए' आणि 'ब्रेसनहॅम' या पडद्यावर रेघ काढायच्या पद्धती शिकून कुठे गेम बनतो? पण पडद्यावर दिसणारं सगळं शेवटी चौकोनांत भरायचंय, ही गोष्ट हाडीमाशी खिळली ती तिथेच. जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएममध्ये असताना प्लॉटरसाठी, म्हणजे कागदावर रेघा काढणाऱ्या यंत्रासाठी, आपली पद्धत काढली. तिची गंमत अशी की भागाकार नाही, दशांश नाही, नुसती पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी.

कोड लिहिण्याआधी ग्राफ पेपरवर करून बघा. (२,१) पासून (९,५) पर्यंत रेघ काढायची आहे. आडवं अंतर ७, उभं ४. सुरुवातीचा निर्णयाचा आकडा म्हणजे उभ्याची दुप्पट वजा आडवं: ८ वजा ७, म्हणजे १. आकडा शून्य किंवा जास्त असेल तर तिरकं वर सरका आणि ६ वजा करा. ऋण असेल तर सरळ पुढे सरका आणि ८ मिळवा. आकडे असे येतात: १, उणे ५, ३, उणे ३, ५, उणे १, ७. चौकोन भरतात ते (२,१), (३,२), (४,२), (५,३), (६,३), (७,४), (८,४) आणि (९,५). पेन्सिलने हे आठ चौकोन भरले की व्हायवाला परीक्षकांसमोर ततपप होत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: ग्राफ पेपरवर वाय वर वाढतो, पडद्यावर खाली. माझं पहिलं घर छतावर उभं राहिलं होतं.

मॅट्रिक्सचं, म्हणजे वस्तू सरकवणाऱ्या-फिरवणाऱ्या आकड्यांच्या कोष्टकाचं, एवढंच पक्कं करा: क्रम बदलला की जागा बदलते. सोसायटीच्या गेटबाहेर येऊन दहा पावलं चाला आणि उजवीकडे वळा. आता परत या, आधी उजवीकडे वळा आणि मग दहा पावलं चाला. दोन्ही वेळी पोचलात वेगवेगळ्या ठिकाणी. आणि थ्रीडीला चार बाय चारची मॅट्रिक्स का लागते, हा व्हायवाचा लाडका प्रश्न. तीन बाय तीनचा गुणाकार मूळ बिंदूला कधीच हलवत नाही, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. सरकवायचं म्हणजे बेरीज. ती बेरीज गुणाकारात बसवायला चौथा आकडा १ म्हणून जोडतात.

क्लिपिंग, बेझिए, फ्रॅक्टल हे परीक्षेपुरतं करा. बेझिए, म्हणजे वक्र रेघा काढायची पद्धत, पुढे आपसूक भेटतो.

३. पहिली वस्तू: तांब्या

ब्लेंडर शिकणारं सगळं जग डोनट बनवतं. मी दोनदा बनवला, तिसऱ्या दिवशी एकही पायरी आठवेना, कारण डोनट मी हातात धरून कधी निरखलाच नव्हता. मग देवघरातला पितळी तांब्या उचलला. या क्षेत्रात भांड्यांची परंपरा मोठीच आहे म्हणा. १९७५ मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी घरातली चहाची किटली बिंदूंमध्ये उतरवली, आणि आजही नवीन काही तपासायचं असलं की लोक तीच किटली पडद्यावर आणतात.

तांब्या करायचा तो असा. समोरून बघायला नंबर पॅडवरचं १ दाबा. एकच बिंदू ठेवा आणि 'ई' दाबत बुडापासून काठापर्यंत तांब्याची अर्धी कड काढत जा. दहा-बारा बिंदू पुष्कळ झाले: बूड, पोट, गळा, बाहेर वळलेला काठ. मग 'स्क्रू' नावाचा मॉडिफायर (आकारावर आपोआप प्रक्रिया करणारी सोय) लावा, ३६० अंश. कुंभाराच्या चाकासारखी ती कड अक्षाभोवती फिरते आणि भांडं तयार होतं. पायऱ्या १६ दिलेल्या असतात, ३२ करा.

इथे तीन चुका होतात, मी तिन्ही केल्या.

पहिली, वस्तूचा मूळबिंदू अक्षावर नसणं. तांब्याऐवजी बांगडी तयार होते.

दुसरी, मापं. ब्लेंडर उघडल्यावर समोर असलेला ठोकळा २ मीटरचा असतो. त्याच्या अंदाजाने काढलेला माझा तांब्या माणसापेक्षा उंच होता. 'एन' दाबून बाजूची पट्टी उघडा आणि खरी उंची भरा, आमच्या तांब्याची १४ सेंटिमीटर होती. मग 'कंट्रोल-ए' दाबून स्केल पक्कं करा. हे 'कंट्रोल-ए' विसरलात तर ते पुढे व्याजासकट वसूल होतं.

तिसरी चूक रंगाची. मेटॅलिक (धातूपणा) १, रफनेस (खरखरीतपणा) पाव, रंग पितळी दिला आणि दिसलं काय, तर मळकट प्लास्टिक. दोन दिवस मी रंगच बदलत बसले. मग खरा तांब्या खिडकीत नेऊन नीट पाहिला. त्याच्या पोटावर खिडकी होती, ग्रिल होतं, मी होते, आणि पितळेचा म्हणावा असा रंग या सगळ्यांच्या मधूनमधून. धातू भोवतालचंच दाखवतो. माझ्या सीनमध्ये भोवताली करडी पोकळी होती, तो बिचारा तीच दाखवत होता. पॉली हेवनवर भोवतालची ३६० अंशांची चित्रं मोफत मिळतात आणि वापरायला परवानगी लागत नाही. त्यातलं एक लावलं आणि तांब्या झळाळला.

कडा टोचत असतील तर 'शेड स्मूथ'. आकार तोच राहतो, फक्त उजेडाचा हिशोब कोपऱ्यांमधून हळूहळू मिसळत जातो. ही युक्ती हेन्री गुरो यांनी १९७१ मध्ये मांडली. सिलॅबसमध्ये जे 'गुरो शेडिंग' आहे, त्याचंच हे पुढचं रूप. म्हणूनच म्हटलं, नावं ठेवू नका.

४. क्लासला पैसे भरण्याआधी

ठाणे स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका क्लासमध्ये मी चौकशीला गेले होते. वीस मिनिटांत समोरच्यांनी आधार, पॅन आणि बाबांचा रद्द केलेला चेक मागितला. "फी हप्त्याने भरा, सोपं पडेल." ते हप्ते क्लासचे नसतात. फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, बहुतेकदा आईवडिलांच्या नावावर. क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे अजून चालू आहेत आणि तो आता बँकिंगच्या परीक्षांचा अभ्यास करतोय.

क्लास लावूच नका असं नाही, शिस्त ज्यांना बाहेरून लागते त्यांना उपयोग होतो. पण चार गोष्टी आधी मागा: एक तास फुकट बसू द्या, शिकवणाऱ्यांचं स्वतःचं काम दाखवा, परताव्याचा नियम लेखी द्या, करार कोणाशी आहे ते वाचू द्या. 'शंभर टक्के प्लेसमेंट' भिंतीवर लिहिलेलं असतं, पावतीवर नसतं.

५. दुसऱ्यांच्या जगात फिरा, वही घेऊन

स्वतःचं जग बांधण्याआधी महिनाभर इतरांची बघा. मी सेकंड लाइफपासून सुरुवात केली. लिंडन लॅबने २००३ मध्ये उघडलेलं हे ऑनलाइन थ्रीडी जग अजून चालू आहे, खातं फुकट निघतं आणि आतलं जवळजवळ सगळं तिथल्या रहिवाशांनीच बांधलेलं आहे. तसंच जग स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवायचं असेल तर ओपनसिम्युलेटर आहे, तेही मोफत. मशीन अगदीच जुनं असेल तर ठोकळ्यांचं जग असलेलं लुआंटी घ्या, पूर्वी त्याचं नाव मिनटेस्ट होतं.

आत गेलात की तुमचा 'अवतार' असतो. हा शब्द आपल्याकडचाच. १९८० च्या दशकात लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' नावाच्या ऑनलाइन जगात पडद्यावरच्या माणसाला तो वापरला आणि मग सगळीकडे रुळला. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग दशावतारात आता हा कितवा?"

फिरताना दोन गोष्टी करा. 'ऑल्ट' आणि माऊसचं डावं बटण दाबून धरून माऊस फिरवा, म्हणजे अवतार जागेवर राहतो आणि नजर वस्तूभोवती फिरते. आणि 'कंट्रोल-शिफ्ट-आर' दाबा: रंग उतरतात, नुसती तारांची जाळी उरते. एका बागेतलं डेरेदार झाड मला फार आवडलं होतं. जाळीत बघितलं तर फांद्या कुठेच नाहीत, एकमेकांत खुपसलेले सपाट कागद आणि त्यांवर पानांचं चित्र. फसवणूक वाटली आधी. मग वहीत लिहून घेतलं.

आणखी एक निरीक्षण. तिथल्या घरांची छतं नाटकाच्या सेटसारखी उंच असतात, दारं गोदामासारखी. बांधणाऱ्यांना मापं कळत नाहीत असं नाही. कॅमेरा अवताराच्या पाठीमागे आणि थोडा वर असतो. खरी साडेनऊ फुटांची खोली बांधली तर तो भिंतीत आणि छतात घुसत राहतो. म्हणून ती मापं उचलून हेडसेटसाठीच्या जगात वापरू नका, आत गेल्यावर आपण लिलिपुट झाल्यासारखं वाटतं.

सावधगिरी नेहमीचीच: कोणी गोड बोलून फोन नंबर, फोटो, ओटीपी मागितला तर बाहेर पडा. आणि तिथलं चलन खऱ्या पैशांनी विकत मिळतं. पहिल्या महिन्यात एक पैसा घालू नका, अवताराचे फुकटचे कपडे चांगले असतात.

६. जिना मोजा

आता टेप. स्वतःच्या बिल्डिंगचा एका मजल्याचा जिना घ्या. खोली सोपी पडते, पण जिना सगळं शिकवतो: पुनरावृत्ती, उंची, कठडा, वळण, उजेड.

सेक्रेटरींना आधी सांगा. मी नाही सांगितलं. टेप घेऊन पायऱ्यांवर ओणवी असताना वॉचमनकाकांनी विचारलं, "काम काढलंय काय?" आणि संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर बातमी होती की बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय.

आमच्या जिन्याची पायरी १६.५ सेंटिमीटर उंच, २७ सेंटिमीटर खोल, नऊ-नऊच्या दोन फेऱ्या. अठरा गुणिले १६.५ म्हणजे २९७. हे मजल्याच्या उंचीशी ताडून बघा. माझं साडेतीन सेंटिमीटरने जुळेना. परत जाऊन एकेक पायरी मोजली तेव्हा सापडलं: सोसायटीने खाली नवीन लाद्या बसवल्यात, त्यामुळे अगदी पहिली पायरी फक्त १३ ची उरली आहे. आम्ही सगळे तिथे रोज पाय जरा जोरात आपटतो आणि कोणाच्याही ते लक्षात आलेलं नाही. एक पायरी मोजून अठराने गुणणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

भिंतींचे फोटो ढगाळ दिवशी काढा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्यासाठीच असतो. उन्हातल्या फोटोत सावली चिकटून येते आणि मग तुमच्या जगातला दिवा कुठेही असला तरी ती तिथेच राहते. फोटो १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा करून वापरा. ४०९६ चा एक फोटो न दाबता मेमरीत ठेवला तर ६४ एमबी खातो, तसे बारा म्हणजे ७६८. १०२४ चा खातो ४. पिंक काढलेल्या कोपऱ्याला ६४ एमबी द्यायची गरज नाही.

७. जिना गोडोमध्ये

ब्लेंडरमधून जिना जीएलटीएफ या थ्रीडी फाइलच्या प्रकारात, एकाच जीएलबी फाइलमध्ये बाहेर काढा आणि गोडोच्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये टाका. आता एकेक विघ्न.

*भिंत गायब.* ब्लेंडरमध्ये धड दिसणारी भिंत इथे आरपार. प्रत्येक पृष्ठाला पुढची आणि मागची बाजू असते, इंजिन वेळ वाचवायला मागची काढतच नाही. ब्लेंडरमध्ये 'फेस ओरिएंटेशन' चालू केलंत की उलटं पृष्ठ लाल दिसेल. एडिट मोडमध्ये सगळं निवडून 'शिफ्ट-एन'.

*जमिनीतून खाली पडणं.* दिसणं वेगळं आणि टेकू देणं वेगळं. ब्लेंडरमध्ये वस्तूच्या नावाशेवटी हायफन आणि सी, ओ, एल ही इंग्रजी अक्षरं लिहा, गोडो तिला आपोआप ठोस करतो.

*दारात अडकणं.* यात माझा रविवार गेला. आमचं दार ९० सेंटिमीटरचं, तरी आत जाता येईना. चालणाऱ्या पात्राला धडक ओळखायला गोडो जी अदृश्य कॅप्सूल देतो तिची त्रिज्या अर्धा मीटर असते, म्हणजे पात्राची रुंदी झाली एक मीटर. त्रिज्या ०.२५ करा. कॅमेरा दीड-पावणेदोन मीटरच्या मधे कुठेतरी, स्वतःच्या डोळ्यांची उंची मोजूनच ठेवा.

*पायरीला ठेचकाळणं.* गोडोचं साधं पात्र उतार चढतं, पायरी चढत नाही. पायऱ्या दिसायला ठेवा आणि त्यांवर एक अदृश्य उतार टाका. १६.५ ला २७ म्हणजे साधारण ३१ अंश, गोडो ४५ पर्यंत मुकाट चढतो. त्यामुळे दिसणाऱ्या पायऱ्यांच्या नावात ते सी-ओ-एल नको, आणि उताराच्या नावाशेवटी '-colonly' हवं, म्हणजे तो ठोस होतो पण दिसत नाही.

*रांगोळी लुकलुकणं.* उंबऱ्यापुढे रांगोळीचं चित्र जमिनीच्या अगदी पातळीत ठेवलं होतं. चालताना ती दिवाळीच्या माळेसारखी लुकलुकायची. दोन पृष्ठं कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर आली की पुढे कोण, हे इंजिनाला ठरवता येत नाही. रांगोळी २ मिलिमीटर उचला.

आणि रोज काम संपवताना फाइलला नवा क्रमांक द्या: जिना ०१, ०२, ०३. वीज गेली तर ब्लेंडर दर दोन मिनिटांनी स्वतःहून प्रत ठेवत असतो, फाइल मेनूत 'रिकव्हर' खाली सापडेल. पण स्वतःच चुकीचं सेव्ह केलंत तर तो तरी काय करणार.

८. चौक: एक घर, सात घरं, एकवीस घरं

जिना जमला की बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज घ्या. सीबीडीच्या सेक्टर ८ मध्ये, नेरूळहून हार्बरला दुसरं स्टेशन. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी याची रचना केली. ग्राफिक्स शिकणाऱ्याला याहून चांगला नमुना मी तरी पाहिलेला नाही. साधारण ८ बाय ८ मीटरच्या चौकाभोवती सात घरं. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्यामध्ये १२ बाय १२ चा मोठा चौक. मग तेही एकक पुन्हा वापरायचं. पुस्तकात 'हायरार्किकल मॉडेलिंग' म्हणून जे अर्धं पान असतं ते इथे पायी फिरता येतं.

ब्लेंडरमध्ये एक घर नीट बांधा. नक्कल करताना 'शिफ्ट-डी' नको, 'ऑल्ट-डी' वापरा. पहिल्याने आकाराची पूर्ण नवी प्रत होते. दुसऱ्याने सगळी घरं एकाच आकाराकडे बोट दाखवतात, मेमरी वाचते आणि एका घराची खिडकी बदलली की एकवीसही घरांची बदलते. सात घरं एका रिकाम्या वस्तूला पोरांसारखी जोडा, गट सरकवायचा तर आई सरकवा.

आज तिथे गेलात तर दोन घरं सारखी सापडणार नाहीत. घराघरांत सामाईक भिंत नाही, जो तो आपापलं वाढवू शकेल असाच तो आराखडा होता, आणि लोकांनी मनापासून वाढवलंय. मी मूळ आराखड्याचा एक गट केला आणि त्यातली दोन घरं 'सिंगल यूजर' करून वेगळी काढली, एकावर पत्र्याची शेड, एकावर आणखी एक मजला. खरा जीव त्या शेडने आला. लोक राहतात तिथे, हे विसरू नका. फोटो विचारून काढा, दारावरच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर पुसून टाका.

एक हिशोब सहज करून बघितला: सेकंड लाइफमधला जमिनीचा एक चौकोन २५६ बाय २५६ मीटरचा असतो, म्हणजे साडेसहा हेक्टर. क्षेत्रफळाने अख्खं आर्टिस्ट व्हिलेज त्यात मावतं.

९. फोन, हेडसेट आणि पंखा

हेडसेट विकत घ्यायची घाई नको. आधी फोन: ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवणारं ए-फ्रेम हे मोफत साधन वापरून दहा-बारा ओळींच्या एचटीएमएलमध्ये तुमची जीएलबी फाइल ब्राउझरमध्ये दिसते. घरच्या वायफायवर साध्या एचटीटीपी पत्त्याने उघडली तर फोन फिरवूनही दृश्य फिरत नाही, सेन्सरसाठी ब्राउझर सुरक्षित पत्ता मागतो. गिटहब पेजेस या वेबपानं ठेवायच्या सेवेवर फुकट ठेवा, फाइल १०० एमबीच्या आत असू द्या.

हेडसेट मला एका सीनियरने आठवड्यासाठी दिला. सेकंदाला ९० चित्रं काढायची तर एका चित्राला ११ मिलिसेकंद मिळतात, तीही दोन डोळ्यांत वाटून. कमी पडलं की मळमळतं. जिना सरकत चढलात तरी मळमळतं, म्हणून पायरीपायरीवर उडी मारण्याची सोय ठेवा. पहिले दिवस दहा मिनिटांवर थांबा. आणि सिडकोच्या खोलीत हात वर करण्याआधी पंखा बंद करा. माझ्या बोटावर अजून खूण आहे.

शेवटच्या दिवशी आजीला खुर्चीत बसवून हेडसेट घातला. ती या बिल्डिंगमध्ये तीस वर्षं राहतेय, गेली चार वर्षं गुडघ्यांमुळे जिना उतरलेली नाही. पहिल्या लँडिंगवर आली तशी तिने कठडा धरायला हात पुढे केला. मग इकडेतिकडे बघत बसली. मला वाटलं, रडतेय की काय.

"अगं, हे ऊन कुठून आलं?"

"खिडकीतून. सकाळ आहे ना आत्ता तिथे."

"सकाळी ऊन या जाळीतून येतं. दूधवाला यायचा तेव्हा माझ्या पायांवर पडायचं. तुझं तर पलीकडच्या भिंतीवर पडलंय."

लॅपटॉप उघडून बघितलं. ब्लेंडरमध्ये मी वाय अक्ष उत्तरेला धरला होता. जीएलटीएफमधून गोडोत जाताना तो उणे झेड होतो. मी अधिक झेडला उत्तर समजून, तिकडे तोंड करून, उजव्या हाताला सूर्य ठेवला होता. म्हणजे माझा सूर्य पश्चिमेला उगवत होता, आणि दोन महिने रोज बघूनही मला ते दिसलं नव्हतं. दिव्याचा वाय अक्षाभोवतीचा कोन १८० अंशांनी बदलला. तुम्हीही सूर्य ठेवण्याआधी ब्लेंडरमध्येच उत्तरेला एक बाण काढून ठेवा, तो फाइलबरोबर इंजिनात जातो.

हेडसेट पुन्हा आजीला घातला. जाळीचे चौकोन तिसऱ्या पायरीवर पडले होते. ती म्हणाली, "अजून जरा खाली. साडेसहाला यायचा तो."